"आजी आठवते का?" हे विचारणं आधी थांबवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तो थोडक्यात असा: तुमची आई यंदा संक्रांतीनंतर आठवड्याभरात गेली. मुलगा साडेपाच वर्षांचा. तुम्ही दोघंही नोकरीवर, त्यामुळे त्याला वाढवलं आजीनेच. आंघोळ, जेवण, दुपारची झोप, शाळेची रिक्षा येईपर्यंत फाटकात उभं राहणं, सगळं तिच्याकडे. आता आठ महिने होत आले आणि पोरगा तिचं नावही काढत नाही. फोटो दाखवला तर "कार्टून लाव" म्हणतो. गेल्या आठवड्यात तुम्ही सरळच विचारलंत, "आजी आठवते का रे?" तो "नाही" म्हणाला आणि खेळायला पळाला. बायको म्हणते, विषय काढू नका, विसरतोय तर विसरू द्या. बाबा म्हणतात, रोज फोटोला नमस्कार करायला लावा. कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय. शिवाय जाता जाता एक तक्रार केलीत की हल्ली खाण्याचे नखरे फार वाढलेत. सराफ्याच्या खाऊगल्लीत नेऊन भुट्ट्याचा (किसलेल्या मक्याचा) कीस घेऊन दिला तर "हा असा नसतो" म्हणून ताटली सरकवली.

ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येते.

मी इथेच इंदूरला २४ वर्षं शाळेत समुपदेशक होते, त्याआधी बालवाडीत शिकवायचे. दोन मुलं वाढवली. सासरे, सासूबाई आणि माझी आई अशी तीन माणसं मुलांच्या देखत गेली. तेव्हा थोडं पुस्तकातलं, बरंचसं शाळेतलं आणि काही घरात चुकून शिकलेलं सांगते. तुमच्या घरचं मला सगळं ठाऊक नाही. आई घरात गेल्या की दवाखान्यात, अचानक की दिवस काढून, मुलाने त्यांना शेवटचं पाहिलं की त्या दिवशी त्याला शेजारी पाठवलं, आणि नंतर त्याला काय सांगितलं, यावर पुष्कळ अवलंबून असतं. लागू पडेल तेवढं घ्या.

तुम्ही विचारताय मुलाबद्दल, पण झोप उडालीय तुमची. आईने पाच वर्षं कंबर मोडून याचं केलं आणि याच्या लेखी ती आठ महिन्यांत संपली, हे तुम्हाला सोसत नाहीये. साहजिक आहे. पण साडेपाच वर्षांच्या पोराच्या "नाही"त कृतघ्नपणा शोधू नये. आणि खरं सांगू का, तो विसरलाय असं मला वाटतच नाही.

शाळेत माझ्या टेबलावर भुईमुगाच्या शेंगांची परडी असायची. टरफलं सांडतात म्हणून मोठ्या मॅडमना ती अजिबात आवडायची नाही. पण समोर बसवून "बोल बेटा, काय झालं" म्हटलं की सात वर्षांचं मूल दगड होतं, आणि शेंगा फोडायला दिल्या की पाचव्या-सहाव्या शेंगेला आपण होऊन बोलतं. दुसरीतला एक मुलगा असाच आला होता (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक बदललंय). आजी जाऊन चार महिने झालेले. आईवडील म्हणाले, हा तिला पार विसरला. त्याने शेंगा फोडता फोडता आजीचा अख्खा दिवस सांगितला. खाऊ कुठल्या डब्यातून काढायची, डोळ्यांत औषध घालताना तोंड कसं उघडं टाकायची, टीव्हीतल्या कुठल्या बाईला "मेली" म्हणायची. मी विचारलं, "मग घरी का नाही सांगत हे?" तो शेंगेवरची नजर न काढता म्हणाला, "मी आजी म्हटलं की मम्मी किचनमध्ये जाते. आणि पप्पा म्हणतात, जा, बाहेर खेळ."

त्याने आपल्या परीने हिशेब बरोबर केला होता. आजी हा शब्द तोंडून निघाला की कोणीतरी रडतं आणि आपल्याला खोलीबाहेर काढतात, म्हणजे हा शब्द वाईट आहे. मुलं मोठ्यांची फार काळजी घेतात; आपल्याला ते कळत नाही, एवढंच. गेल्या आठ महिन्यांत तुमच्या घरात आजीचं नाव निघालं की कोण कोण काय काय करतं, ते एकदा आठवून बघा.

आता मरणाबद्दल. मारिया नागी नावाच्या बाईंनी बुडापेस्टच्या तीन ते दहा वर्षांच्या मुलांशी याच विषयावर बोलून १९४८ मध्ये निष्कर्ष छापले. पाचाच्या आतल्या मुलाला मरण म्हणजे कुठंतरी जाणं वाटतं आणि तिथून परत येता येतं. मरण सगळ्यांना आहे आणि त्यातून सुटका नाही, हे त्यांच्या मते नऊच्या पुढे पक्कं होतं. नंतरच्या अभ्यासांनी हे वय खाली आणलं. बहुतेक मुलांना पाच ते सातच्या दरम्यान उमगतं. म्हणजे तुमचा मुलगा आत्ता बरोबर उंबऱ्यावर उभा आहे. संक्रांतीला आजी गेली तेव्हा त्याला जे समजलं असेल ते वेगळं, आणि आज त्याला जे समजू लागलंय ते वेगळं. त्यामुळे "तेव्हा सांगितलं होतं" हे पुरत नाही. पुन्हा सांगावं लागतं.

कसं सांगायचं, यात मी स्वतः सपशेल चुकले आहे. सासरे गेले तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. मी बालवाडीत शिकवणारी बाई, आणि मी तिला सांगितलं, "आजोबा झोपलेत." पुढचे तीन-चार महिने तिने तिच्या बाबांना रविवारी दुपारी झोपू दिलं नाही. ते जरा आडवे झाले की ही छातीवर चढायची आणि दोन बोटांनी त्यांची पापणी वर करून आत बघायची. आम्ही आधी हसलो. मग एका रात्री तिने स्वतःच झोपायला नकार दिला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला बसवून सांगितलं: झोपलेला माणूस उठतो, आजोबा मेले, त्यांचं शरीर बंद पडलं, ते आता उठणार नाहीत, त्यांना दुखतही नाही. सासूबाईंना "मेले" हा शब्द फार लागला. पण मुलगी त्या रात्री झोपली.

"देवाघरी गेली" म्हणू नये असं मी म्हणत नाही. आपल्या घरांत ते म्हटलं जाणारच. फक्त त्याच्या जोडीला "आणि तिथून परत येता येत नाही" हे हवं. नाही तर पोरं पत्ता विचारतात. मला एका चिमुरडीने विचारलंय, देवाचं घर कुठल्या कॉलनीत आहे.

तुमच्या मुख्य भीतीकडे येते. तो मोठा झाल्यावर त्याला आजी आठवेल का? लहानपणच्या आठवणी विरतात, सगळ्यांच्याच विरतात. पॅट्रिशिया बाउर आणि मरीना लार्किना या संशोधकांनी तीन वर्षांची मुलं आणि त्यांच्या आया यांची बोलणी टिपून ठेवली आणि पुढे वेगवेगळ्या वयात त्याच मुलांना त्याच गोष्टींबद्दल विचारलं. पाच ते सात वर्षांच्या मुलांना ६० टक्क्यांहून जास्त प्रसंग आठवत होते, आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ४० टक्क्यांहून कमी. म्हणजे गळती शाळेच्या पहिल्या इयत्तांतच होते. तुमच्या हातात अजून दोनेक वर्षं आहेत. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली: ज्या आया "मग? पुढे?" म्हणत मुलाला बोलू द्यायच्या, ते भरकटलं तरी दुरुस्त करत बसायच्या नाहीत, त्यांच्या मुलांना पुढे प्रसंग जास्त भरीव आठवले.

आमच्या घरातलाच मासला बघा. जिने पापण्या उघडून पाहिल्या त्या माझ्या मुलीला आजोबांचं आज एकच आठवतं: दुपारच्या शांततेत अडकित्त्याचा 'कट्' असा आवाज. बाकी काही नाही, चेहरासुद्धा फोटोतलाच. उलट मुलगा, जो तेव्हा दहा महिन्यांचा होता, छातीठोकपणे सांगतो की आजोबांच्या स्कूटरवर पुढे उभा राहून तो राजवाड्यापर्यंत जायचा आणि ते लौंगेची शेव घेऊन द्यायचे. ती स्कूटर तो जन्मायच्या आधीच विकली होती! पुढे उभी राहायची ती ताई. पण ही गोष्ट सासूबाईंनी त्याला इतक्यांदा, इतक्या रंगवून सांगितली की ती त्याची झाली. शास्त्राच्या दृष्टीने ही आठवण खोटी. मी तिला हात लावलेला नाही. मुलगीच अधूनमधून चिडते, "ती माझी स्कूटर होती."

म्हणून बाबांच्या नमस्काराबद्दल मला शंका आहे. हार घातलेल्या फोटोसमोर हात जोडायला काही हरकत नाही, पण त्या फोटोत आजी नाही. सरळ समोर बघणारी, पासपोर्टसारखी एक बाई आहे. तुमच्या मुलाच्या आजीचा पदर खोचलेला असायचा, हाताला कणीक असायची. फोनमध्ये शोधा, तिचा काहीतरी करतानाचा फोटो सापडेल: भाजी निवडताना, त्याला भरवताना, वैतागलेलीसुद्धा. तो छापून घ्या आणि मुलाच्या उंचीवर लावा, हार न घालता. तिचे आवाजाचे निरोप फोनमध्ये असतील तर आजच दुसरीकडे उतरवून ठेवा. फोन बदलताना अशा गोष्टी हमखास जातात. मुलाला लगेच ऐकवू नका मात्र. आधी स्वतः एकटे बसून ऐका. तुम्हाला ते झेपलं की मग.

आणि तिला देवी करू नका. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे बारा-तेरा दिवसांपुरतं ठीक आहे. तुमची आई मुलावर ओरडली असेल, लाटणं उगारलं असेल. त्याला ते आठवतं. घरातले सगळे ज्या शांत, प्रेमळ आजीबद्दल बोलतात ती ही नव्हेच, असं त्याला वाटलं तर तो आपली खरी आजी कोणाला दाखवणार नाही.

माझी आई सवाष्ण गेली, तिचं अविधवा नवमीला भावाकडे असतं. पान वाढून होतं, जेवणं होतात, आणि मग भांडी आवरताना पोरं मागणी करतात: "आजीचं भांडण सांगा." दरवर्षी एक. सगळ्यात जास्त खपलेलं भांडण कालाकुंडचं आहे. पूर्वी इंदूरहून आजोळी जायचं म्हणजे मीटरगेजची गाडी, महू, पाताळपाणी, घाट उतरून कालाकुंड, आणि खांडव्याला गाडी बदलून भुसावळकडे. कालाकुंडला पळसाच्या पानांवर कलाकंद मिळायचा. आईचं म्हणणं, विकणारा पान ओलं करून पानाचंच वजन विकतो. तिने पान रिकामं करून परत तोलायला लावलं. गाडीने शिट्टी दिली, आई फलाटावर, आम्ही तिघं डब्यात, आणि ती एका हातात नुसता कलाकंद घेऊन धावतेय, पानाशिवाय! बोटांच्या फटींतून निम्मा सांडला. पाताळपाणी ते कालाकुंड २०१८ पासून हेरिटेज गाडी चालते, मी नातवाला त्यातून नेलं तर हा पठ्ठ्या स्टेशनवर उतरल्या उतरल्या विचारतो, "पणजी कुठून धावली?" त्याने तिला पाहिलेलं नाही.

अमेरिकेत एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना वीस प्रश्न विचारले होते: आजी-आजोबा कुठे वाढले, आईबाबा कसे भेटले, घरावर कुठलं संकट आलं होतं, असे. ज्यांना उत्तरं जास्त माहीत होती ती मुलं स्वतःबद्दल जास्त खात्रीची निघाली. पण त्यांनीच सांगून ठेवलंय की उत्तरं पाठ करून घेऊन उपयोग नाही. ती कळतात ती जेवताना, प्रवासात, पुन्हा पुन्हा ऐकून, आणि तो सहवासच कामाचा. चढउतार दोन्ही असलेल्या गोष्टी सगळ्यात बळ देतात, हेही त्यांचंच निरीक्षण. मला ते इंदूरमध्ये पटलं. इथली हुकुमचंद कापड मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली आणि कामगारांचे अडकलेले पैसे सुटले ते डिसेंबर २०२३ मध्ये. एवढ्या वर्षांत अशा घरांतली पुष्कळ मुलं माझ्यासमोर बसली. काही घरांत आजोबांची नोकरी गेली हे मुलांपासून लपवलेलं असायचं. आणि काही घरांतली पोरं सांगायची, "आमचे आजोबा अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत झांकीचं (चित्ररथाचं) चाक फिरवायचे, मग मिल बंद झाली, मग त्यांनी पोह्याची गाडी लावली." कुठलं पोर मान वर करून बोलायचं, ते सांगायला नको.

आता करायचं काय. पहिलं म्हणजे "आठवते का" हा प्रश्न बंद. ती परीक्षा आहे, आणि चुकलं तर तुमचा चेहरा पडतो हे त्याला कळलंय. विचारू नका, सांगा. तेही हातातलं काम चालू असताना, एखादं वाक्य. सकाळी पोह्यांवर जिरावन मसाला घालताना, "आजी इतकं घालायची की आजोबांना ठसका लागायचा." बस. त्याच्याकडे बघू नका, उत्तराची वाट बघू नका, पोहे खा. चार दिवसांनी दुसरं काही. स्कूटरवर तो मागे बसलेला असताना उत्तम, कारण तोंड दिसत नाही. एक दिवस तो तुम्हाला दुरुस्त करेल, "नाही, आजी वरून शेव पण घालायची." तेव्हा "हो? मग?" एवढंच म्हणा. त्याने चुकीचं सांगितलं तरी चालेल. आणि बोलताना तुम्हाला रडू आलं तर उठून जाऊ नका. "मला आजीची आठवण आली म्हणून रडू आलं, थोड्या वेळाने थांबेल" असं म्हणा आणि थांबवून दाखवा. खोलीबाहेर कोणीच जायचं नाही, ना तुम्ही, ना तो.

तुमच्या बायकोचं निम्मं बरोबर आहे: जबरदस्ती नको. पण गप्प बसणंही मुलाला काहीतरी सांगतच असतं. त्या का टाळतात हेही हळूच बघा. सासू-सुनेचं जे काही असेल ते असो, पाच वर्षं एका ओट्यावर काढलेल्या सुनेकडे सासूच्या ज्या गोष्टी असतात त्या तिच्या पोटच्या मुलाकडे, म्हणजे तुमच्याकडेही नसतात. बाबांना मात्र नमस्काराऐवजी दुसरं काम द्या. त्यांनाही कोणीतरी विचारायला हवंय. "लग्नानंतर आई पहिल्यांदा काय चुकली होती?" असं नातवादेखत विचारून बघा.

आपल्या माळव्यात पितृपक्षात पोरी भिंतीवर शेणाची संजा मांडतात, रोज नवी आकृती, शेवटी किल्ल्यासारखा मोठा किलाकोट. एकाच घरात आत पितरांचं पान आणि बाहेर पोरींची गाणी. कोणाला त्यात विचित्र वाटलं नाही कधी. आता कागदावर छापलेली संजाही मिळते. मुलगा आहे म्हणून अडू नका, त्याला चिकटवायला द्या.

एक सावधगिरी. झोप, खाणं किंवा शाळा हे आठवडेच्या आठवडे बिघडलेलं असेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं असेल आणि थांबत नसेल, "मला आजीकडे जायचंय" हे वारंवार येत असेल, किंवा आपल्यामुळे आजी गेली असं तो बोलला असेल, तर माझ्या उत्तरावर विसंबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांच्याकडून मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांचं नाव घ्या. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही, पण मी त्याला पाहिलेलं नाही.

आता तो कीस. सराफ्यातली ताटली त्याने सरकवली आणि म्हणाला, "हा असा नसतो." मग कसा असतो? त्याला पक्कं माहीत आहे कसा असतो. तुम्ही ज्याला नखरा म्हणालात ते तुमच्या "आठवते का"चं उत्तर होतं. फक्त त्या वेळी कोणी विचारलं नव्हतं. पावसाळा संपत आलाय, भुट्टे अजून मिळतायत. रविवारी चार आणा. किसणी मुलाच्या हातात द्या, शेवटचा तुकडा तुम्ही किसा, बोटं सोलतील. दूध किती घालायचं ते बाबांना विचारा. ते ठासून चुकीचं सांगतील. मग ओट्यापाशी उभ्या असलेल्या तुमच्या बायकोला राहवणार नाही.